एक खोकला भरीव, दोन खोकले पोकळ

दिवल्या पावऱ्याइतक्या रुबाबात झाडाला ठोकणारा माणूस त्या काळी चोपडा तालुक्यात दुसरा नव्हता. झाडापुढे उभा राहून तो आधी शेंड्यापर्यंत वर बघे, मग बुंध्यापर्यंत खाली बघे, मग डोळे मिटे. कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू, म्हणजे तुंबा, खोडावर तीनदा आपटे आणि कान देऊन उभा राही. बरोबरचे लोक श्वास रोखत. मग तो डोळे उघडून सांगे, “भरीव शे, शेट.” किंवा, “पोकळ. हात नका लावू.”

आणि ते खरं निघे. झाड पाडलं की दिवल्याचा शब्द आणि लाकूड यांत बोटभर फरक पडत नसे.

लोकांना माहीत नव्हतं ते एवढंच, की भरीव झाड आणि पोकळ झाड दिवल्याला अगदी सारखंच ऐकू येई. काही माणसांना सूर कळत नाही, तसं त्याला लाकूड कळत नव्हतं. लाकूड कळायचं ते त्याच्या बायकोला, गुंताबाईला. ती त्याच्या मागे पंधरावीस पावलांवर सरपण वेचत चालायची. ठोका पडला की ती खोकायची. एक खोकला म्हणजे भरीव, दोन खोकले म्हणजे पोकळ. दिवल्याचे मिटलेले डोळे आणि रोखलेला श्वास हा सगळा त्या खोकल्याची वाट बघण्याचा प्रकार होता.

ही युक्ती गुंताबाईचीच. पहिल्या वर्षी ती सरळ पुढे होऊन चोपड्याचे लाकूडव्यापारी रुपचंद शेट यांना म्हणाली होती, “शेट, हाऊ साग नका घेऊ, आतमा काही नही.”

रुपचंद शेट हसून म्हणाले, “बाईच्या कानावर मी पैसे लावू? घरी माझी बायको रोज इतकं सांगते, त्यातलं एक तरी ऐकतो का मी?”

तो साग आतून ढोलासारखा निघाला. पुढच्या वर्षी गुंताबाईने दिवल्याच्या डोक्याला तांबडं फडकं बांधलं, हातात कुऱ्हाड दिली आणि त्याला पुढे केलं. रोजचे सहा आणे आणि दुपारची भाकरी ठरली. शेटनी बाईचं ऐकलं नाही तरी बाईचा खोकला ते दहा वर्षं ऐकत राहिले.

रुपचंद शेटसारख्या हुशार व्यापाऱ्याला झाड ठोकून सांगणारा ठोक्या लागायचाच कशाला, तर त्याला कारण जंगलाचा व्यापार. सरकारी जंगलाचे तुकडे पाडलेले असत. एका तुकड्याला कूप म्हणत. दरवर्षी एक कूप तोडायला काढायची, तिला नंबर द्यायचा आणि तिच्यातली उभी झाडं लिलावात विकायची. झाडात लाकूड किती, याचा हिशोब सोपा आहे. छातीइतक्या उंचीवर खोडाला फीत लावा. जो घेर येईल त्याचा चौथा हिस्सा घ्या, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा आणि मग खोडाच्या लांबीने गुणा. आठ फूट घेर आणि पंधरा फूट लांबी असली तर साठ घनफूट. पण फीत बाहेरून फिरते. दर उन्हाळ्यात वणवा बुंध्याला चाटून जातो, तिथे जखम होते, जखमेत पाणी मुरतं, वाळवी शिरते, आणि वीस वर्षांनी साठ घनफुटांच्या झाडात वीस घनफूट लाकूड आणि बाकीची हवा उरते. सरकार पैसे साठांचे घेतं. हवेचे पैसे कुणी भरायचे, यावर लिलावाचं सगळं गणित चाले. ज्याला आधीच कळलं की हवा कुठे आहे, तो नेमकी बोली लावणार. म्हणून लिलावापूर्वी व्यापारी कूप बघायला येत, आणि म्हणून ठोक्या.

दुसऱ्या व्यापाऱ्यांनी तर ठोक्याचा खर्चही वाचवला होता. लिलावात ते फक्त रुपचंद शेटच्या तोंडाकडे बघत. शेट बोलले की ते बोलत, शेट गप्प की ते गप्प.

एकोणीसशे सदतीस साली या रेंजमध्ये पितांबर भामरे नावाचा नवा रेंजर आला. वय सव्वीस, धुळ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, जंगलाचं शिक्षण डेहराडूनला झालेलं. खिशात फीत, बगलेत तक्त्यांचं पुस्तक, आणि बोलायला लागला की समोरच्याला मधे शिरायला जागा नाही. वरिष्ठांना त्याने एक नवी योजना पटवली होती. आजवर कूप तोडताना मोहाची झाडं राखायची रीत होती. पितांबरचं म्हणणं, नऊ नंबरच्या कुपीत एकही झाड राखायचं नाही. सगळं साफ तोडायचं आणि ओळीने साग लावायचा.

पाड्यावर येऊन त्याने ते सगळ्यांना समजावून सांगितलं. “एक मोह किती जागा अडवतो? त्या जागेत आठ साग उभे राहतील. आठ साग साठ वर्षांनी काय किंमत देतील, आहे कल्पना?”

“साठ वर्षं?” गुंताबाईने विचारलं.

“साठ.”

“आनी तवपर्यंत साहेब, आम्ही काय खावानं?”

लोक हसले. पितांबरही हसला आणि तक्त्यांच्या पुस्तकाची पानं चाळू लागला.

पण गुंताबाई हसली नव्हती. नऊ नंबरच्या कुपीत अकरा मोह तिचे होते. तिचे म्हणजे कागदावर सरकारचे, पण कुठल्या मोहाखाली कुणी वेचायचं हे पाड्यावर आजे-पणजे ठरवून गेले होते आणि त्यात कुणी हात घालत नसे. चैत्रात पहाटेपासून त्या अकरा झाडांखाली फुलांचा सडा पडे. ती वाळवून अर्धी चोपड्याच्या बाजारात जात, अर्धी कणगीत. पावसाळ्यात ज्वारी संपली की चूल त्या फुलांवर चाले. बियांचं तेल दिव्याला आणि कालवणाला. काही फुलांचं आणखीही काही होई, पण ते जंगलखात्याचा पहारेकरी, नाकेदार झुलाल, याला माहीत होतं आणि झुलाल त्याच्या वाट्याची बाटली घेऊन गप्प असे. अकरा झाडं गेली तर घर आषाढातच उपाशी पडणार होतं.

रात्री जेवताना दिवल्या म्हणाला, “सोपं शे. अकराच्या अकरा पोकळ सांगी टाकू. शेट घेवाव नही.”

“खोटं ठोकानं नही,” गुंताबाई म्हणाली. “एक डाव खोटं निंघनं का दहा वरिसनं नाव गयं.”

“मंग?”

“मंग काय! जेव.”

कूप बघायचा दिवस दिवाळीनंतरचा. आणि त्याच्या आदल्या दिवशी गुंताबाईला पडसं झालं. साधंसुधं नव्हे, घशात कुणी करवत चालवावी तसं. तिने आलं खाल्लं, ओवा फुंकला, गरम पाणी प्यायली. सकाळी उठली तर खोकला दुप्पट. पण तिच्याशिवाय ठोकणार कोण?

पहिल्याच सागाला दिवल्याने तीन ठोके मारले आणि डोळे मिटले. मागून आवाज आला, “खॉक् खॉक्.” मग थोडं थांबून, “खॉक्.”

दिवल्या चपापला. दहा वर्षांत तीन खोकले कधी आले नव्हते. पण तो हजरजबाबी होता. “शेट,” तो म्हणाला, “हाऊ पोकळपेक्षा पोकळ शे.”

दुसऱ्या सागाला चार खोकले आले. तिसऱ्याला दोन. गुंताबाईने पदर तोंडात कोंबला तर डोळ्यांतून पाणी आलं आणि खोकला नाकातून. तिने हाताने खुणा केल्या, पण दिवल्याचे डोळे रुबाबात मिटलेले. मग तिने एक काटकी उचलून त्याच्या पाठीत फेकली. दिवल्याला वाटलं, बायको म्हणते आहे लवकर आटप. त्याने ठोक्यांचा वेग वाढवला. दुपारपर्यंत त्याने सव्वादोनशे झाडं पोकळ ठरवली, त्यात त्या रेंजमधले सगळ्यात देखणे साग होते.

रुपचंद शेट घाम पुसत म्हणाले, “अरे, हे जंगल आहे का बासऱ्यांचं दुकान?”

“आग व्हती ना चार वरिस पहिले,” दिवल्या गंभीरपणे म्हणाला. “बठ्ठा खाई गई.”

घरी आल्यावर गुंताबाईने त्याला सगळं सांगितलं. दिवल्या लगेच उठला. “शेटले सांगी येस,” तो म्हणाला.

गुंताबाई विचार करत होती. कूप विकली गेली नाही, तर तोड होणार नाही. तोड झाली नाही, तर मोह उभे.

“राहू दे,” ती म्हणाली.

“आनी खोटं ठोकानं नही, ते?”

“मी कोठे खोटं बोलनू? खोकला ते खराच व्हता.”

लिलावाच्या दिवशी नाकेदार झुलालने नऊ नंबर पुकारला. सरकारी किमान किंमत चौदाशे. रुपचंद शेट छताकडे बघत बसले. त्यांना बघून बाकीचे व्यापारीही छताकडे बघू लागले. पितांबरही नकळत छताकडे बघायला लागला, तिथे एक पाल होती. कूप विकली गेली नाही.

योजनेच्या पहिल्याच वर्षी पहिलीच कूप अंगावर पडली. जळगावच्या वरिष्ठांना काय लिहायचं? पितांबरने शेटना गाठून कारण विचारलं. शेटनी दिवल्याचं नाव सांगितलं. पितांबर म्हणाला, “ठोक्यांवर सरकार चालत नाही. येत्या मंगळवारी कुपीत या. मी झाडाच्या पोटात बघून दाखवतो.”

मंगळवारी तो गिरमिट घेऊनच आला. हातभर लांब, टोकाला आटे, सुतार दाराला भोकं पाडतात तसलंच पण जाड. कुपीत रुपचंद शेट, दिवल्या आणि झुलाल हजर होते. गुंताबाई नेहमीसारखी मागे सरपण वेचत होती. खोकला गेला होता.

पितांबरने एक साग निवडला आणि गिरमिट फिरवायला लागला. आत जाईल तसं पिवळंधमक, कोरडं, वासाचं लाकूड पिळा पिळा होऊन बाहेर आलं. पार गाभ्यापर्यंत भरीव. दुसरा साग भरीव. तिसरा भरीव.

शेट दिवल्याकडे वळले. “दिवल्या, दहा वर्षं माझी भाकरी खाल्लीस. कुणाचे पैसे खाऊन माझी कूप बुडवलीस?”

दिवल्या बायकोकडे बघू लागला. कुऱ्हाड हातातून खाली आली.

“कुणाचं काही खाल्लं नही त्याने,” गुंताबाई सरपणाची मोळी टाकून पुढे आली. “त्याले काही समजतच नही. कान मना शे, शेट. तो निस्ता खोकला मोजस. त्या दिनले माले पडसं व्हतं.”

मग झुलाल फिस्सकन हसला. शेटच्या चेहऱ्यावर दहा वर्षं एकामागून एक सरकताना दिसली. “म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “माझा सगळा धंदा तुझ्या घशावर चालला होता?”

“तुमीच म्हनलात, बाईना कानवर पैसा लावाव नही.”

“आणि हा डोळे मिटून काय करायचा?”

“माले काय माहीत? झोपत व्हई.”

आता शेटही हसले. पितांबर मात्र कामाचा माणूस. “चला, बाई,” तो म्हणाला, “आता खोकू नका. तोंडाने सांगा. मी गिरमिटाने पडताळतो.”

दिवल्याने कुऱ्हाड उचलून बायकोच्या हातात दिली आणि तिने नवऱ्याच्या दहा वर्षांच्या रुबाबातलं काहीही न करता कामाला सुरुवात केली. डोळे मिटणं नाही, वर बघणं नाही. चालता चालता एक ठोका आणि एक शब्द. भरीव. भरीव. बुंध्याला हातभर खराब, वर चांगलं. पोकळ. भरीव. पितांबर तिच्या मागे धावत होता. दर दहाव्या झाडाला तो गिरमिट लावी, आणि दर वेळी गिरमिट तिच्याच बाजूने बोले. हळूहळू त्यालाही फरक ऐकू यायला लागला. भरीव झाड ठोका परत फेकतं, हाताला झिणझिण्या येतात. पोकळ झाड ठोका गिळून टाकतं. तो पोरासारखा खूश झाला. “अरे! हे तर शिकता येतं,” तो म्हणाला आणि वहीत लिहून घेऊ लागला.

अशी सगळी मंडळी मोहांपाशी पोचली.

गुंताबाईला प्रत्येक मोहाचं पोट माहीत होतं. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा ती दरवर्षी झाडून जाळत असे. ज्या झाडांखाली तिच्या सासूने आग बेफिकिरीने लावली होती ती सहा पोकळ होती. तिने स्वतः सांभाळलेली पाच धडधाकट होती. पोकळ मोह कुणी घेत नाही. भरीव मोहाचे खांब निघतात, गाडीच्या चाकाला लाकूड निघतं, उरलेलं चोपड्याच्या कापसाच्या जिनात जळायला जातं. म्हणजे खरं बोललं तर सहा वाचणार आणि पाच जाणार.

तिने पहिल्या मोहाला ठोकलं. “पोकळ.” दुसरा. “पोकळ.” तिसरा भरीव होता. तिने तुंबा खोडावर जेमतेम टेकवला. “पोकळ.” दिवल्याने चमकून तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. अकरा झाडं झाली, अकरा पोकळ.

“सगळे?” पितांबरने विचारलं.

“बठ्ठा.”

“एकही नाही?”

“म्हातारी झाडं, साहेब. म्हातारपनी पोट खपाटी जास.”

पितांबरने गिरमिट उचललं आणि सरळ एका मोहाकडे निघाला. तो पाच भरीवांतला होता. दिवल्याने देवाचं नाव घेतलं. गुंताबाई मात्र धावत दुसऱ्याच झाडापाशी गेली, त्याला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि ओरडली, “बठ्ठासले भोकं पाडा साहेब, पन ह्या झाडले नको! हाई मनी सासूनं झाड शे!”

पितांबर थांबला. शिकलेल्या माणसाला संशय फार लवकर येतो. “असं?” तो म्हणाला. “मग हेच बघू.”

“नको साहेब, पाया पडस!”

“बाजूला व्हा, अक्का.”

गुंताबाई रडवेल्या तोंडाने बाजूला झाली. पितांबरने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि गिरमिट फिरवायला लागला. चार बोटं लाकूड लागलं. मग गिरमिट एकदम मोकळं आत गेलं, आणि त्याने ते ओढून काढताच भोकातून काळं पाणी चिळकांडीने बाहेर आलं. खोडाच्या वरच्या ढोलीतून किती पावसाळ्यांचं पाणी आत साठलं होतं कोण जाणे, पण त्यात कुजलेली फुलं होती, वटवाघळांची घाण होती, आणि ते सगळं रेंजर साहेबांच्या खाकी शर्टावर गळ्यापासून पट्ट्यापर्यंत आलं.

झुलाल झाडामागे जाऊन हसला. शेट नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाले, “साहेब, मोहाबद्दल माझं समाधान झालं.”

“माय वं!” पितांबर ओरडला. रागात तो डेहराडून विसरून थेट धुळ्याच्या मळ्यात पोचत असे. “काय वास शे हाऊ!”

“मी सांगत व्हती ना,” गुंताबाई म्हणाली.

ओढ्यावर शर्ट धुऊन पितांबर उघडाच दगडावर बसला आणि पेन्सिल काढली. शेट शेजारी बसून बोलत होते. “साहेब, एक मोह पाडायला दोन माणसं दोन दिवस. कुऱ्हाडींची धार जाते ती वेगळी. ते लाकूड धरणगाव स्टेशनवर कुणी विचारणार नाही. तुम्ही त्या हवेचे घनफूट धरून चौदाशे काढलेत. अकरा मोह यादीतून काढा, किंमत तेवढी उतरवा, आणि मी आत्ता सांगतो, सागासाठी जराही घासाघीस करणार नाही. पुढल्या लिलावात नऊ नंबर माझी.”

पितांबरने गणित दोनदा केलं. दोन्हीदा शेटचं बरोबर आलं. मोह यादीत ठेवले तर किमान किंमत चढते आणि कूप पडून राहते. मोह यादीतून काढले तर कूप विकली जाते, साग लावायला जागाही होते, फक्त ओळी अकरा ठिकाणी वाकड्या जातात. डेहराडूनच्या गुरुजींना वाकड्या ओळी आवडल्या नसत्या. पण जळगावच्या साहेबांना न विकली गेलेली कूप त्याहून कमी आवडली असती. त्याने यादीतून अकरा नंबर खोडले, समोर ‘पोकळ, निरुपयोगी, राखीव’ असं लिहिलं, सही केली आणि शेटना निरोप दिला.

राहिलं होतं एकच सरकारी काम. झाड राखीव ठरलं की त्याच्या बुंध्याशी हातभर साल तासायची आणि तिथे शिक्क्याचा हातोडा मारायचा. शिक्का रेंजरनेच मारायचा असा नियम. झुलाल साल तासत पुढे गेला, पितांबर ओल्या शर्टात हातोडा घेऊन मागे. गुंताबाई आणि दिवल्या बरोबर होते.

पहिल्या झाडावर हातोडा पडला. ठोका झाडाने गिळला. दुसऱ्यावर पडला. तोही गिळला.

तिसऱ्यावर पडला आणि झाडाने तो परत फेकला. ठण्ण. पितांबरच्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

तो तसाच थांबला. गुंताबाईने या हातोड्याचा विचारच केला नव्हता. दिवल्या हळूच दोन पावलं मागे सरकला, पळायला वाट आहे का बघायला. झुलाल पुढच्या झाडाची साल फारच मन लावून तासू लागला.

पितांबरने हातोडा बघितला, झाड बघितलं, मग गुंताबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. खिशात सही केलेली यादी होती. शेट बोली कबूल करून गेले होते. अंगाचा वास अजून गेला नव्हता.

“अक्का,” तो म्हणाला, “बठ्ठा पोकळ शेतस ना?”

गुंताबाईने मान वर केली. “बठ्ठा पोकळ शेतस, भाऊ.”

“मग ठीक शे,” रेंजर म्हणाला, आणि पुढच्या झाडावर त्याने शिक्का अगदी हलक्या हाताने मारला.